किती नग गेले

पुण्याहून आलेला निरोप तसा चांगलाच म्हणायचा:
मांडणी स्वच्छ, रंगांची जाण आहे,
प्रवास थोडा अधिक दिसायला हवा.
अहमदाबादच्या सरांनी लिहिलं, केटली सुरेख,
पण हिच्यात तुम्ही कुठे आहात?
मी स्क्रीनवर शोधलं. खरंच नव्हतो.
केटली होती, पांढऱ्यावर,
तिची सावलीसुद्धा मीच टाकलेली,
डावीकडून, तीस टक्के.

शनिवारी लॅपटॉप पिशवीत घालून
कुपवाडला गेलो, दस्तगीरमामांच्या पॅटर्न शॉपात.
लाईट गेलेली, म्हणून त्यांना वेळ होता.
भुशावर चपला काढायच्या की नाही
हे मला अजून ठरवता येत नाही.
भिंतीवर पंपांची लाकडी पोटं टांगलेली,
एका बंद पडलेल्या कारखान्याचं नाव
उठावाच्या अक्षरांत, अजून वाचता येणारं.

मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
पहिलं पान बघितलं. तिसरं बघितलं.
"ह्ये ठेवलंय कशावर?"
कशावर म्हणजे?
"सगळंच हवेत हाय की रं.
टेबल न्हाई, ओटा न्हाई, धरायला माणूस न्हाई.
विकायचं हाय का ववाळायचं?"
अण्णाप्पा रंधा खाली ठेवून हसला.
मी म्हणालो, तशी पद्धत असते मामा.
"असंल."

मग फवारणीचा पंप आला, माझा लाडका,
मणेराजुरीच्या बागांत चार दिवस फिरून काढलेला,
नारिंगी, पाठीला चिकटून बसणारा.
मामांनी काचेवरून अंगठा फिरवला,
कंगोरा तपासतात तसा.
"उतार कुठाय ह्या बाजूला? सरळ भिंत ठेवलीस.
उपसताना वाळू फाटंल."
वाळू नाही मामा, हे प्लॅस्टिक आहे.
"प्लॅस्टिकबी कशातनं तरी निघावंच लागतंय की."

त्यांच्या हाताशी एक पितळी पट्टी असते.
तिच्यावरचा फूट फुटापेक्षा किंचित मोठा.
ओतलेलं बीड निवताना आकसतं,
शंभराला एक,
तेवढं आधीच धरून आखलेली पट्टी.
ती त्यांनी मला दाखवली नाही,
समोर पडली होती, मीच बघत बसलो.
माझी सगळी चित्रं अजून गरम होती.

लाईट आली. करवत ओरडायला लागली.
मामा उठले, पाठ करूनच विचारलं,
"किती नग गेले ह्याचे?"
कशाचे?
"कशाचेबी."
एकही नाही. पंपाचा एक बनवलाय,
घरी आहे. गळतो.

तेव्हा ते पहिल्यांदा वळले.
"कुठनं?"
झाकणापाशी. आटा नीट बसत नाही.
"आरं, मग त्यो आण की!
ह्ये काय दावत बसलास."

रात्री विश्रामबागच्या खोलीत
प्रत्येक चित्राखाली एक ओळ घातली.
केटली: नग शून्य.
दिवा: नग शून्य.
खुर्ची, जिला सगळ्यांनी छान म्हटलं होतं: शून्य.
लिहिताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.
दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.
पंपाचं नारिंगी चित्र काढून
मोरीतला फोटो लावला,
उपड्या बादलीवर ठेवलेला पंप,
मागे आईचा घासायचा ब्रश, फरशीवर ओघळ.
नग: एक. झाकणापाशी गळतो.

सरांना अजून कळवलेलं नाही.

सोमवारी पाणी भरून, पंप पायांत धरून
स्कूटर काढली. रिकामा नेला असता
तर गळती कशी दिसली असती?
सूतगिरणीपर्यंत पँट गुडघ्याखाली ओली.
सिग्नलला शेजारचा टेम्पोवाला वाकून म्हणाला,
भाऊ, गळतंय.
म्हटलं, माहीत आहे.